आधी मोजमाप, मग पार्ट. आधी तपास, मग मेमो

टपालाच्या पिशव्या भरलेली पिकअप रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला ड्रायव्हरला, "गाडीला काय केलंत?" दुसरा वर्कशॉपला, "कोणता पार्ट टाकायचा?" आमच्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न असायला हवा, "काय मोजले?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून चांगले पार्ट भंगारात जातात, बिघाड गाडीतच राहतो आणि त्याची किंमत शेवटी कामगाराच्या सेवापुस्तकात लिहिली जाते.

हा विषय मेल मोटर सर्व्हिसच्या ड्रायव्हर-मेकॅनिकांपुरता आहे असे कोणी समजू नये. रेल्वेच्या विभागांतही माणसे, अवजारे व सामान नेणाऱ्या जुन्या पिकअप आहेत. मध्यरात्री ब्रेकडाऊनच्या जागी गँग पोहोचायची असेल, तर ती याच गाड्यांवर अवलंबून असते. शिवाय बिघाड शोधण्याची जी पद्धत आम्ही सांगणार आहोत ती सिग्नल आणि ट्रेन लाइटिंगच्या कामगारांना नवी नाही. त्यांनी ती आपल्या टपाल बंधूंना शिकवावी, हाही हे लिहिण्यामागचा एक हेतू आहे.

जुनी गाडी म्हणजे कोणती?

पूर्वी जुनी पिकअप म्हणजे साधे डिझेल इंजिन, एक बॅटरी, एक डायनमो आणि दहा-बारा फ्यूज. ढकलून चालू केली की ती घरापर्यंत यायची. आता तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक देशभर लागू झाले. त्यामुळे पिकअपच्या इंजिनावरही कॉम्प्युटर आला आणि त्याला खबर देणारे सेन्सर आले. तेव्हा घेतलेल्या गाड्या आज वयात आल्या आहेत. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालत नाही. म्हणजे आज आपल्या हातात असलेली "जुनी" गाडी ही बहुधा सेन्सर असलेली जुनी गाडी आहे. तिची वायरिंग म्हातारी झाली आहे, पण तिचा कॉम्प्युटर अजून प्रत्येक सेन्सरचे ऐकतो. वायरने चुकीचा निरोप नेला, तर तो चुकीचाच निर्णय घेतो.

येथेच गोंधळ सुरू होतो. स्कॅनर लावला जातो, कोड येतो, त्या नावाचा सेन्सर बाजारातून आणला जातो. दोन दिवसांनी तोच कोड पुन्हा येतो. मग दुसरा सेन्सर, मग वायरिंगचा तुकडा, मग "कॉम्प्युटरच गेला" असा निकाल. आमचे म्हणणे असे की कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे. "इंजिनच्या तापमानाचा सिग्नल बरोबर येत नाही" एवढेच कोड सांगतो. दोष सेन्सरमध्ये आहे, वायरीत आहे, कपलरमध्ये आहे की अर्थिंगमध्ये आहे, हे तो सांगत नाही. ते माणसाने शोधायचे असते.

मूळ बहुधा खाली असते

सेन्सरला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, आणि याच क्रमाने.

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो आला नाही तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा मधली वायर पाहावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी दमलेली आहे. अशा वेळी कॉम्प्युटरलाही पुरेसा दाब मिळत नाही आणि तो भलतेच कोड देतो. कमजोर बॅटरीमुळे आलेल्या कोडवरून सेन्सर बदलणे म्हणजे उपाशी माणसाला चष्मा देण्यासारखे आहे.

दुसरी अर्थिंग. इंजिन, केबिन आणि चासी यांना बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या पट्ट्या गाडीच्या जन्मापासून चिखलात आणि पाण्यात असतात. कोकणात चार महिने पाऊस खाल्लेली पट्टी वरून धड दिसते, आत हिरवी पडलेली असते. तपासणी सोपी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवावे, क्लॅम्पवर नव्हे. दुसरे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर. आता सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले, तर तेवढा दाब त्या वाटेत वाया जातो आहे. पट्टी काढावी, दोन्ही टोके घासून पांढरी करावीत, घट्ट बसवून ग्रीस लावावे. पार्ट शून्य, वेळ दहा-पंधरा मिनिटे.

खराब अर्थिंगची आणखी एक खूण प्रत्येक ड्रायव्हरला पाहता येते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो. करंटला परतीचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. येथे बल्ब बदलून काही होत नाही. तसेच डिझेलचा काटा आणि तापमानाचा काटा एकाच दिवशी वेडेवाकडे वागू लागले, तर दोन सेन्सर एकदम मेले असे समजू नये. दोघांत समान काय आहे ते पाहावे. ते एक तर पुरवठा असेल, नाही तर अर्थिंग.

तिसरी गोष्ट म्हणजे चोरून खाणारा करंट. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. चावी बंद असताना बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये अँपिअर मीटर घालावा आणि कॉम्प्युटर झोपेपर्यंत थोडा वेळ थांबावे. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल. ३० ते ५० मिलीअँपिअर चालतात. अर्धा अँपिअर जात असेल तर छत्तीस तासांत १८ अँपिअर-तास निघून जातात. ६० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीला हे कदाचित सोसेल, निम्मी ताकद उरलेल्या जुनीला नाही. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनीत चोर आहे. कोणत्याही फ्यूजला पडत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी, कारण त्याच्यातला बिघडलेला डायोडही रात्रभर बॅटरी खातो.

मीटर आणि टेस्ट लॅम्प: दोघांची कामे वेगळी

एक गोष्ट नव्या मुलांना कोणी सांगत नाही. सात तारांपैकी सहा तुटलेल्या वायरीवरही डिजिटल मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्याच वायरीवर टेस्ट लॅम्प लावला तर तो मिणमिणतो. म्हणून दिवे, हॉर्न, वायपर, फॅन या ताकदीच्या लाइनी भार घालून तपासाव्यात. उलट, कॉम्प्युटर आणि सेन्सर यांच्यामधल्या ५ व्होल्टच्या नाजूक लाइनीवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. तेथे फक्त मीटर. आणि सिग्नल विभागातले बंधू केबलला लावतात तो मेगर तर गाडीच्या कॉम्प्युटरजवळ नेऊच नये.

सेन्सरची उलटतपासणी

इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घेऊ. दोन वायरींचा हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो आणि तापला की कमी. बहुतेक गाड्यांत तो थंड इंजिनावर दोन-तीन हजार ओमच्या आसपास असतो आणि पूर्ण तापल्यावर काहीशे ओमवर येतो. स्कॅनर लावून ठेवावा आणि सेन्सरचा कपलर काढावा. स्कॅनरवर तापमान उणे ४० च्या आसपास पडायला हवे. मग कपलरच्या दोन्ही वायरी एका तुकड्याने जोडाव्यात. तापमान एकदम वर चढायला हवे. दोन्ही घडले तर वायरिंग ठीक आहे, कॉम्प्युटर ठीक आहे, दोष सेन्सरचा आहे, तो खुशाल बदला. काहीच हलले नाही, तर नवा सेन्सर टाकूनही काही हलणार नाही. मात्र ही जोडणी फक्त याच दोनवायरी सेन्सरवर करावी, सरसकट सगळीकडे नव्हे.

दुसरा सेन्सर आपल्या ड्रायव्हर बंधूंना अधिक त्रास देणारा आहे. क्रँकशाफ्ट फिरतो आहे की नाही हे सांगणारा क्रँक सेन्सर म्हातारा झाला की गरम असताना दगा देतो. गाडी घाटात बंद पडते. अर्धा तास गेला, इंजिन थंडावले की पुन्हा चालू होते. वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत सर्व ठीक. कार्डावर शेरा येतो, "दोष आढळला नाही." या तीन शब्दांनी ड्रायव्हर खोटा ठरतो. उशीर झाला तो वाटेत थांबल्यामुळे, असा अर्थ काढायला वरिष्ठ मोकळे होतात. वास्तविक थंड गाडी तपासून गरम गाडीचा दोष सापडणार कसा? गाडी पंचेचाळीस मिनिटे चालवून, तापवून, मग सेन्सरचा रोध आणि सिग्नल मोजायला हवा. त्याचे तोंड चुंबकाचे असेल तर त्यावर चिकटलेला लोखंडी चुरा पुसून पाहायला हवा. हे न करता "दोष आढळला नाही" असे लिहिणे म्हणजे "आम्ही शोधले नाही" असे लिहिणे होय.

लाल दिवा न लागणे हीच खरी धोक्याची सूचना

आता आम्ही रेल्वे बंधूंच्या परिचयाचा मुद्दा घेतो. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. त्यातले शहाणपण असे की रूळ तुटला, वायर तुटली किंवा बॅटरी गेली तरी रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे तत्त्व आपल्या सिग्नल मेंटेनरच्या हाडात भिनलेले आहे.

जुन्या पिकअपचा ऑइल प्रेशरचा दिवा नेमका उलटा आहे. इंजिनवर एकतारी स्विच असतो. ऑइलचा दाब नसला की तो वायरीला अर्थ देतो आणि दिवा पेटतो. दाब आला की अर्थ तुटतो आणि दिवा विझतो. आता ही वायर उंदराने कुरतडली किंवा कपलर सुटला तर काय होईल? दिवा कधीच लागणार नाही. ऑइलचा दाब शून्य झाला तरी डॅशबोर्ड शांत राहील. ड्रायव्हर गाडी चालवत राहील आणि इंजिन जाम होईल.

म्हणून प्रत्येक ड्रायव्हरने रोज सकाळी एक सवय ठेवावी. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि ऑइलचा दिवा लागतो का ते पाहा. लागला नाही तर गाडी हलवू नका आणि लॉगबुकात लिहा. इलेक्ट्रिशियनने स्विचची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर स्विच खराब, नाही लागला तर वायर, बल्ब किंवा फ्यूज. पाच मिनिटांचा तपास लाखाच्या घरातले इंजिन वाचवतो आणि त्याहून महत्त्वाचे, एका कामगाराची नोकरी वाचवतो.

वसुलीचा प्रश्न

नोकरी वाचवतो असे आम्ही विचारपूर्वक म्हणतो. टपाल कामगारांना केंद्रीय नागरी सेवेचे १९६५ चे शिस्तविषयक नियम लागू आहेत, रेल्वे कामगारांना १९६८ चे शिस्त व अपील नियम. दोन्हींत निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालेले आर्थिक नुकसान पगारातून वसूल करण्याची शिक्षा आहे. टपालात नियम १६ खाली आणि रेल्वेत एस.एफ.-११ वर मेमो येतो, तो आपल्याला नवा नाही. परंतु शब्द नीट वाचा. नुकसान झाले एवढ्याने वसुली होत नाही. ते निष्काळजीपणामुळे झाले असले पाहिजे. इंजिन जाम झाले हे नुकसान. दिवा पेटलेला असताना गाडी चालवली हा निष्काळजीपणा. पण दिवा पेटलाच नव्हता, आणि तो पेटू शकत नव्हता, हे मोजून लिहिलेले असेल, तर मेमोचा पायाच खचतो.

हे लिहिलेले कोठे असते? लॉगबुकात आणि जॉबकार्डात. तोंडी सांगितलेले चौकशीत टिकत नाही. "साहेबांना सांगितले होते" हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकले आहे, त्याने कोणाची वसुली थांबल्याचे आम्हाला माहीत नाही. दिनांक, किलोमीटर, लक्षण आणि सही, एवढी ओळ ड्रायव्हरने लिहावी. मोजलेला आकडा इलेक्ट्रिशियनने लिहावा. ठेकेदाराच्या पिकअपवर टपाल नेणाऱ्या ड्रायव्हरला तर मेमोचेही संरक्षण नाही, त्याची फेरीच जाते. त्यालाही ही सवय शिकवणे आपले कर्तव्य आहे, कारण रस्ता एकच आहे.

आपल्या बाजूचेही थोडे

प्रशासनाकडे बोट दाखवताना काही गोष्टी आपणही बंद केल्या पाहिजेत. दहाचा फ्यूज उडतो म्हणून वीसचा घालणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे हे कौशल्य नव्हे, ती आग लावण्याची तयारी आहे. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. मागच्या पिंजऱ्याला वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही केबल काढल्याच पाहिजेत, नाही तर अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर जळू शकतो. दाबाच्या पाण्याने इंजिन धुताना कपलरवर फवारा मारू नये. आणि सेन्सरच्या आट्यांवर गळती थांबवण्यासाठी सीलिंग टेप गुंडाळताना हे ध्यानात ठेवावे की एकतारी सेन्सरला अर्थ त्याच आट्यांतून मिळतो.

आमच्या मागण्या

प्रशासन म्हणेल, एवढा तपास करायला वेळ कोठे आहे, त्यापेक्षा बाहेरच्या गॅरेजला काम देऊ. बाहेर बिल पार्टचे होते, शोधाचे होत नाही. पार्ट जितके बदलतील तितके बिल वाढते. उलट वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन तीच गाडी वर्षानुवर्षे पाहतो. मेल मोटर सर्व्हिसमध्ये कुशल कारागिरांत मोटार इलेक्ट्रिशियन हे पद आहे, ते उगाच ठेवलेले नाही. मात्र पद ठेवून हाती हत्यार दिले नाही, तर दोष कारागिराचा नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक वर्कशॉपला चांगला डिजिटल मीटर, टेस्ट लॅम्प, स्कॅनर आणि प्रत्येक मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळाला पाहिजे. गाडी खरेदी करतानाच डायग्राम मागून घ्यावा.

२. जॉबकार्डावर "बदललेले पार्ट" या रकान्याच्या आधी "मोजलेले आकडे" हा रकाना असावा. तो रिकामा असेल तर पार्ट मंजूर करू नये.

३. गाडीच्या बिघाडावरून कोणाही ड्रायव्हरला वसुलीचा मेमो देण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनचा लेखी तपासणी अहवाल जोडलेला असावा.

४. "दोष आढळला नाही" हा शेरा गाडी तापवून तपासल्याशिवाय मान्य होऊ नये.

५. ड्रायव्हर आणि कारागीर दोघांनाही कामाच्या वेळेत, पगारी प्रशिक्षण मिळावे.

यांपैकी शेवटची मागणी मंजूर होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. ज्या गावात रेल्वेची युनियन आणि टपालाची युनियन दोन्ही आहेत, तेथे महिन्यातला एक रविवार ठरवा. सिग्नल मेंटेनरने ड्रायव्हर बंधूंना व्होल्टेज ड्रॉप दाखवावा, ट्रेन लाइटिंगच्या कामगाराने हायड्रोमीटरने बॅटरीचे पाणी तपासून दाखवावे, आणि टपालाच्या इलेक्ट्रिशियनने कपलर उघडून सेन्सर समजावून सांगावा. त्यासाठी एक जुनी पिकअप आणि एक मीटर पुरेसा आहे.

ज्याच्या हातात मोजलेला आकडा आहे त्याच्यावर दोष ढकलणे अवघड जाते. वर्कशॉप टिकवायचे असेल, ड्रायव्हरचा पगार वाचवायचा असेल, तर कामगार बंधू-भगिनींनो, उद्या सकाळपासून चावी फिरवून तो लाल दिवा पाहा, आणि जे दिसेल ते लिहून ठेवा.